खोडलेल्या रेषा

व्यंगचित्रांच्या प्रदर्शनात छापलेल्या चित्रांशेजारी त्यांची कच्ची रेखाटनंही लावली होती. एका चित्रापुढे माझ्या शेजारी एक वृद्ध जोडपं उभं होतं. चित्रात ते गृहस्थच होते, नगराध्यक्ष असतानाचे, खुर्चीला मिठी मारून बसलेले.

"हे छापून आलं, त्या दिवशी भरल्या ताटावरून उठला होतात," बाई म्हणाल्या.

ते मात्र रेखाटनं न्याहाळत होते. पहिल्यात चेहरा लबाड होता. तो पुन्हापुन्हा खोडत व्यंगचित्रकाराने शेवटी तिथे हट्टी पोराचा चेहरा काढला होता.

"अगं, लबाड नाही म्हटलं त्याने मला!" ते मोकळं हसले.

थट्टा करतानाही माणूस किती जपावा लागतो, असं माझ्या मनात आलं. तेवढ्यात त्यांनी माझ्या हाती फोन दिला.

"आमचा फोटो काढता? चित्र पूर्ण येऊ द्या हं."