रिकामा डबा

शेजाऱ्यांचा डबा रिकामा परत पाठवायचा नाही, ही आमच्या घरची रीत. नानाखेड्याच्या कॉलनीत आमच्या भिंतीला लागून राहणाऱ्या ख्रिस्ती आंटी नाताळात केक पाठवायच्या आणि आई त्याच डब्यात चकल्या भरून द्यायची. कुणाचं फुकट खायचं नाही, देवाचंसुद्धा, असा तिचा खाक्या. महाकालाला नवस बोलली की तो फेडेपर्यंत तिला झोप लागायची नाही.

आईच्या शेवटच्या आजारपणात आंटी रोज तिच्यासाठी पेज आणायच्या, तिचे केस विंचरायच्या. आईला ते सोसवेना. एकदा ती चिडूनच म्हणाली, "मैंने आपके लिए किया ही क्या है?"

आंटी केस विंचरत राहिल्या. "कुछ करना नहीं है, दीदी. हमारे प्रभु भी ऐसे ही अपना लेते हैं, कमाना नहीं पड़ता. आप बस ले लीजिए."

त्या हात धुवायला गेल्या तशी आई मला म्हणाली, "डब्यात निदान साखर तरी घाल." मी घातली.

आई गेली. घरात चूल पेटत नव्हती, जेवण आंटींकडूनच यायचं. सुतकातल्या घरातून कुणाला खायला देत नाहीत, म्हणून मी डबा धुतला आणि पहिल्यांदाच रिकामा त्यांच्या हातात दिला. मला ओशाळल्यासारखं झालं. त्यांनी मात्र तो दोन्ही हातांनी घेतला, भरलेला असावा तसा.

नुसतं घेणं आम्हाला जमलं खरं, पण त्यासाठी आईला जावं लागलं.