जॅकचं हँडल मंजुषाच्या हाती

मखमलाबादच्या मळ्यांत मंजुषाला लोक ओळखत ते तिच्या झेंडूपेक्षा तिच्या गाडीमुळे. फुलं बाजारात नेणारी जुनी व्हॅन ती स्वतः चालवायची, बारीकसारीक दुरुस्तीही स्वतःच करायची. ही विद्या नवऱ्यानं, ज्ञानेशनं, तिला खाटेवर पडल्या पडल्या शिकवली होती.

ज्ञानेश नऊ वर्षं कोंडाजीच्या गॅरेजात कामाला होता. चार वर्षांपूर्वी नुसत्या जॅकवर उचललेली एक गाडी त्याच्या कमरेवर आली, आणि पाय कायमचे लुळे पडले. कोंडाजीनं दवाखान्यात, पोलिसांत, पारावर एकच सांगितलं, "स्टँड लाव म्हणून मी घसा फोडत होतो. त्यानंच ऐकलं नाय." ज्ञानेश सांगून थकला, की गाडीला टेकू द्यायचे लोखंडी स्टँड कोंडाजीनंच दुसऱ्या गाडीला नेले आणि वर ‘दोन मिनिटांचं काम हाय, घूस’ म्हणाला. पण ऐकतो कोण? त्याच्या आईला, रंगूबाईलासुद्धा मालकाचंच खरं वाटलं. लेकाला ताट देताना ती हमखास म्हणायची, "जरा दम धरला असता, तर आज पायावर असतास."

मंजुषा भाकरी थापत ते ऐकायची. पाय गेले ते गेले. पण ज्यानं घालवले तो लग्नाकार्यात पहिल्या पंगतीला, आणि नवरा स्वतःच्या घरात गुन्हेगार, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. कोंडाजी दिसला, की ती हसून रामराम करायची आणि आत धुमसायची.

गाडी उचलताना ज्ञानेश तिला एकही पायरी गाळू देत नसे. जागा सपाट आणि पक्की पाहिजे, म्हणून अंगणात कोबा केला. हँडब्रेक ओढायचा, मागच्या चाकांना लाकडी गुटके लावायचे. जॅक पत्र्याला नाही, खालच्या जाड लोखंडी पट्टीला लावायचा. वर उचललं, की दोन्ही बाजूंना स्टँड सरकवायचे, जॅक हळूच सोडून सगळं वजन त्यांच्यावर द्यायचं, गाडी हातानं हलवून बघायची. मगच माणसानं खाली जायचं. "जॅक फक्त उचलायला," तो म्हणायचा. "भरवसा ठेवायला नाय."

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात तिनं कोंडाजीला बोलावलं. "भाऊ, इंजिनाखालून ऑइल गळतंय. मला काही कळेना."

ऑइल गळत नव्हतं. तिनंच पहाटे खाली थोडं ओतलं होतं.

कोंडाजी आला. ओट्यावर रंगूबाई फुलं निवडत होती, आतल्या खोलीत ज्ञानेश झोपला होता. मंजुषानं चाकांना गुटके लावले, गाडीचं तोंड वर उचललं, आणि मुद्दाम म्हणाली, "थांबा, स्टँड आणते."

"कशाला? दोन मिनिटांचं काम हाय," म्हणत तो पाठीवर सरकत खाली गेलासुद्धा.

तेच शब्द. कोंडाजी मोबाइलचा उजेड वर धरून तेल शोधत होता. तिनं आवाज न करता दोन्ही बाजूंचे स्टँड आत सरकवले, जाड पट्टीखाली नीट आलेत ते वाकून पाहिलं. वर बोटभर फट राहिली. मग ती जॅकपाशी उकिडवी बसली.

"भाऊ, त्या दिवशी स्टँड कुणी नेले होते?"

"ते कशाला आता? झालं गेलं."

तिनं हँडल जरासं डावीकडे फिरवलं. जॅकनं सुस्कारा सोडला आणि गाडी खाली आली.

"मंजुषा, नको!" कोंडाजीचा आवाज चिरकला. "मी नेले, मीच! त्याला घूस म्हणालो तेही मीच. पाया पडतो, सोडू नको!"

गाडी बोटभर उतरून स्टँडवर बसली होती. तरी तो ओरडतच होता.

रंगूबाईच्या मांडीवरचं सूप खाली गेलं. ती ओट्यावरून उतरली, गाडीशी येऊन उभी राहिली. कोंडाजी घामानं निथळत बाहेर आला, तेव्हा तिनं त्याचं मनगट धरलं. "चल आत. माझ्या लेकासमोर बोल हे."

तो बोलला, मान खाली घालून. पुढं मंजुषानं त्याला पारावरही नेलं, आणि तिथंही बोलायला लावलं. रंगूबाई त्या दिवसापासून खाटेशी बसून लेकाला स्वतःच्या हातानं वाढते.

ज्ञानेशनं मात्र सगळं ऐकून घेतल्यावर बायकोला एकच विचारलं, "स्टँड होते ना?"

"होते."

"तरी माणूस खाली असताना जॅक सोडलास? एखादा स्टँड घसरला असता म्हणजे?"

त्यानं तिला गाडी उचलायच्या सगळ्या पायऱ्या पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावल्या. ते तिला लागलं. कोंडाजीच्या किंकाळीचं मात्र तिला आजही काही वाटत नाही.