शाळेसमोरच्या बाईचा फोटो

अहमदपूरच्या एका शाळेत मी दुसरीच्या वर्गाला शिकवते. पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुपही माझ्याकडंच आहे. मुलांच्या ऑनलाइन सुरक्षेवर लातूरला झालेलं एक दिवसाचं प्रशिक्षण मी नुकतंच घेऊन आले होते, त्यामुळं या बाबतीत आपल्याला जरा जास्तच कळतं, असं मला वाटायचं.

त्या आठवड्यात एक म्हातारी बाई रोज मधल्या सुट्टीत फाटकासमोरच्या कडुलिंबाखाली येऊन थांबायची. हातात कापडी पिशवी, नजर खेळणाऱ्या मुलांवर. तिसऱ्या दिवशी मी व्हरांड्यातूनच तिचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘ही अनोळखी बाई तीन दिवसांपासून शाळेसमोर थांबते आहे. लक्ष ठेवावं.’ पालकांनी आभार मानले. मला बरं वाटलं.

संध्याकाळी नांदेडहून नणंदेनं तोच फोटो मला पाठवला. माझी दोन वाक्यं गेली होती. त्यांच्या जागी आलं होतं, ‘मुलं पळवणारी टोळी जिल्ह्यात शिरली. ही बाई दिसली की धरा.’ फोटोच्या कोपऱ्यात आमच्याच व्हरांड्याचा निळा गज दिसत होता. ग्रुपवरचा फोटो काढून टाकला, पण बाहेर गेलेला परत कसा बोलवायचा, हे प्रशिक्षणात कुणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिपाई सांगत आला, की बसस्टँडवर लोकांनी एका बाईला धरलंय. वर्ग शेजारच्या बाईंवर टाकून मी पळतच गेले. ती वाहतूक नियंत्रकाच्या खोलीत बसली होती. बांगड्या फुटून मनगटातून रक्त येत होतं. लोकांनी तिची पिशवी उलटी केली होती. त्यातला एक नवा फ्रॉक आणि शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा टेबलावर पडला होता. स्टँडवरचे मोसंबीवाले चाचा दारात आडवे उभे राहून हवालदाराला सांगत होते, “साहेब, ही शिरूर अनंतपाळची बाई हाय. तिकडच्या गाडीनं येती, जाताना माझ्या गाड्यापाशी बसती. मी वळखतो तिला.”

मग तीच बोलली. तिची लेक दोन वर्षांमागं वारली. जावयानं दुसरं लग्न केलं आणि नातीला भेटू देणं बंद केलं. म्हणून लांबून बघायला यायची. नातीचं नाव तिनं सांगितलं. ती मुलगी माझ्याच वर्गात, तिसऱ्या बाकावर बसते.

हवालदारानं विचारलं, फोटो कुणी काढला. खोलीत सगळे गप्प. मीही.

त्यानंतर मला एका जागी बसवेना. ग्रुपवर लिहिलं, की ती बाई एका मुलाची नातेवाईक आहे, फोटो पुढं पाठवू नका. पोरीचं नाव मुद्दामच लिहिलं नाही. लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकली, पण हा खुलासा पुढं कुणीच पाठवला नाही. मग नणंदेला विचारलं, तिला फोटो कुणी पाठवला. त्या माणसाला विचारलं, त्याला कुणी. वर्गात शिकवता शिकवता मधेच थांबायचे आणि बाहेर जाऊन फोन लावायचे. एकजण म्हणाला, खोटं असलं तरी सावध राहिलेलं बरं. मी त्याच्याशी वाद घातला आणि मग आठवलं, मीही हेच म्हटलं असतं.

मुलीच्या वडिलांना शाळेत बोलावलं. ते खाली मान घालून बसले.

“फोटो त्याच दिवशी बघितला होता म्याडम. वळखलं बी होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर घरात पुन्हा पहिलीचा विषय निघाला असता.”

रागवायला तोंड उघडलं, पण स्टँडवरची ती खोली आठवली. मी त्यांना सांगितलं, की फोटो माझाच होता, आणि मीही गप्प राहिले.

त्यांच्याकडूनच आजीचा पत्ता घेऊन रविवारी शिरूर अनंतपाळला गेले. तिनं मला लगेच ओळखलं. मी दारातच सगळं सांगून टाकलं. बराच वेळ ती मनगटावरची खपली चाचपत राहिली.

“तुमी तीन दिस मला बघत व्हता. मी बी तुमाला बघत व्हते. वाटायचं, म्याडम आता येतील, इचारतील. इचारलं असतं तर मी सांगितलं असतं की.”

माफ केलं, असं ती म्हणाली नाही. चहा केला. परत आल्यावर ग्रुपवर लिहिलं, ‘तो फोटो मी काढला होता, काहीही विचारपूस न करता.’ या वेळी हात जोडलेली चित्रं आली नाहीत. दोन पालक ग्रुप सोडून गेले.

मुख्याध्यापकांनी वडिलांशी दोनदा बोलून त्यांची लेखी परवानगी मिळवली. आता दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आजी शाळेच्या ऑफिसात येते आणि अर्धा तास नातीजवळ बसते. पण गावात पाऊल ठेवलं की पदरानं अर्धं तोंड झाकून घेते, आणि स्टँडपासून शाळेपर्यंत चाचा सोबत येतात. फोटो अजूनही थांबलेला नाही. कधी माहूरचं नाव लावून येतो, कधी आणखी कुठलं. पाठवणाऱ्याला मी दर वेळी खरं काय ते लिहिते. कुणी खोडून टाकतो, कुणी मलाच ग्रुपमधून काढतो.

मागच्या शनिवारी तिनं हळूच विचारलं, “म्याडम, त्यो फोटू अजून फिरायलाय का?”

मी हो म्हणाले. ती नातीच्या वेणीची सैल झालेली रिबीन सोडून पुन्हा बांधू लागली.