दादाची मूठ

दादा गेल्यावर त्याचं सामान आवरताना लवंगेच्या तेलाचा वास आला.

एकोणीसशे ऐंशीनंतर पांढुर्ण्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये त्याचा उजवा पंजा तुटला. नसलेली मूठ आवळून दुखते, असं तो म्हणायचा. एका दुपारी त्याची दाढ ठणकली. उजवा गाल धरून मी लवंगेच्या तेलाचा बोळा दाढेवर ठेवला.

“माह्या आंगठ्याले काऊन धरून राहिली व?”

“मी तं गाल धरला, दादा.”

“आंगठाच हाय. उजवा.”

मी दचकून हात काढला. चेहऱ्याच्या आणि हाताच्या नसांचे निरोप मेंदूत शेजारी पोचतात, हे पुष्कळ नंतर वाचलं.

“ठेव न व,” तो कळवळला. “मूठ सुटून राहिली होती.”

मी पुन्हा हात ठेवला. तो शांत झोपला, आणि माझ्या तळव्याखाली एकेक बोट सरळ होत गेलेलं मला स्पष्ट जाणवलं.