सांभाळायला दिलेली

नवऱ्याने टाकल्यावर मी नेऱ्याला माहेरी परतले, तेव्हा भावाची मुलगी तीन महिन्यांची होती. भाऊ न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात, वहिनी पनवेलला ऑफिसात. तिने पोर माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, "ताई, तुम्हाला नाहीतरी दुसरं काय आहे?"

खरंच नव्हतं. मी पोर वाढवलं. तिच्या गोवरात रात्रंदिवस बसले, पेज भरवली, केसांना तेल लावलं. आईबाप रविवारी येत आणि फोटो काढून जात. माझ्या आईने मला बजावलं होतं, "पोर तुजं नाय, जीव लावू नकोस." हे सांगणं सोपं होतं.

पोर चार वर्षांची झाली, तेव्हा पनवेलच्या इंग्लिश शाळेत नाव घातलं आणि दोघं तिला न्यायला आली. तिने माझ्या पदराला मिठी मारली.

"मी नाय जानार!"

वहिनीने थोबाडीत मारली. "'नाय' नाही, 'नाही' म्हण. मी नाही जाणार."

हुंदके देत पोर म्हणाली, "मी नाही जाणार."

"शाब्बास. आता कसं शुद्ध बोललीस! चल." एकेक बोट सोडवून वहिनीने तिला गाडीत बसवलं. भाऊ आधीच स्टिअरिंगवर होता.

काही दिवसांनी त्याचा फोन आला. "बाय, थोडे दिवस येऊ नको. तुला बगितलं का ती बिगडते."

वाढदिवसाला मात्र बोलावणं आलं. मी तिच्या आवडीच्या तांदळाच्या भाकऱ्या बांधून नेल्या. हॉलमध्ये वहिनीच्या ऑफिसातल्या बायका होत्या. एकीने विचारलं, "या कोण?"

"आमच्या गावाकडच्या बाई," वहिनी म्हणाली. "हिला सांभाळायच्या."

भाऊ ग्लासात कोल्ड्रिंक ओतत होता. त्याने ऐकलं आणि पुढचा ग्लास घेतला. मला केक स्वयंपाकघरात मिळाला. निघताना पोर दारापाशी आली आणि आईकडे बघून म्हणाली, "बाई, थँक्यू." भाकऱ्यांचं फडकं ओट्यावर तसंच बांधलेलं होतं.

घरी आल्यावर आई म्हणाली, "सांगितलं होतं." तिने जेवायला वाढलं. मीही जेवले. पोट काही कुणासाठी थांबत नाही.

पुढच्या वर्षी वहिनीला मुलगा झाला. तिची रजा संपली तशी भाऊ एकटाच त्याला घेऊन नेऱ्याला आला आणि उंबऱ्यात उभा राहिला.

"बाय, तुज्याशिवाय कोन हाय आमाला?"

"बाई हाय ना मी," मी म्हटलं. "बाई ठेव दुसरी."

त्याने मान खाली घातली.

"याला कवा नेशील, ते आताच सांग."

पोर त्याच्या हातात वेडंवाकडं धरलेलं होतं, मान मागे लोंबत होती. दुसऱ्यांदा बाप होऊनही त्याला पोर धरता येत नव्हतं. मी शिव्या दिल्या, आईसमोर, शेजाऱ्यांना ऐकू जातील अशा. शिव्या देतादेताच त्या मानेखाली हात घातला.

तो आता ओटीवर रांगतो. रस्त्यावरून सारखे डंपर जातात, म्हणून फाटकाला मी आतून कडी लावते.