पक्कड घरी ठेवून चल

"पाळकसाहेब, वायर आपोआप निघत नाही. कोणीतरी ओढून काढलीय," प्रवीण म्हणाला.

मानपाड्याहून तो थेट माझ्याकडे आला होता. मंगलमावशींच्या हॉलमधला पंखा त्याने तिसऱ्यांदा जोडून दिला होता. मावशींचे यजमान नाताळच्या आधी वारले. घरात दुसरं कोणी नाही. मग वायर ओढतंय कोण आणि कशाला? मला काही कळेना.

प्रवीण माझा प्रोबेशनर. म्हणजे सेमिनरी शिकून आलेला, पण पाळक म्हणून अजून दीक्षा न झालेला उमेदवार. डोंबिवलीच्या आमच्या चर्चमध्ये वर्षभर त्याने माझ्या हाताखाली काम करायचं आणि शेवटी मी रिपोर्ट द्यायचा. दीक्षा त्या रिपोर्टवर. रकाने दोनच: चारित्र्य आणि व्यवहारकौशल्य. आजवर बरेच प्रोबेशनर पाहिले, पण माझं डोकं इतकं कोणी चक्रावलं नव्हतं.

हा सेमिनरीआधी आयटीआय केलेला. गृहभेटीला, म्हणजे लोकांच्या घरी विचारपूस आणि प्रार्थना करायला जाताना बायबलबरोबर पक्कडही न्यायचा. कोणाचा मिक्सर, कोणाचा गीझर. लोक बेहद्द खूश. प्रार्थना मात्र दोन ओळींत आमेन. आजाऱ्याच्या उशाशी बसायची वेळ आली की हा नेमका मीटर बघायला बाहेर. याला सेवा म्हणायची की पळवाट? कधी वाटायचं, पोरगं सोन्यासारखं आहे. कधी वाटायचं, खांदे धरून गदागदा हलवावं.

त्यातच ठाण्याहून दीक्षा कमिटीच्या अध्यक्षांचा फोन.

"रिपोर्ट कधी देताय? तुमच्याच लोकांची तक्रार आलीय. विचारतात, पाळक पाठवलाय की वायरमन?"

"लोकांना आवडतो हो तो."

"आवडायला काय, आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीचा प्लंबरही सगळ्यांना आवडतो. दुःखात माणसाजवळ बसता येतं का त्याला, ते सांगा."

"बघून सांगतो," म्हटलं. दुसरं काय सांगणार?

मावशींचा पंखा पुन्हा बंद पडला तेव्हा मी प्रवीणला म्हटलं, "मी येतो बरोबर. पक्कड घरी ठेवून चल."

"मग तिथे जाऊन करू काय?" तो खरोखर घाबरला.

"बस. ऐक."

मावशींनी दार उघडलं. "सलाम, पाळकसाहेब." मग त्याच्या रिकाम्या हातांकडे बघितलं. "सामान कुठाय रे?"

"नाही आणलं, मावशी."

"मग आलास कशाला?"

मी पुरता तोंडघशी पडलो. मला वाटलं होतं, एकट्या बाईला सोबत हवी असेल. सोबत आली तर तिला पक्कड हवी!

प्रवीणने पंख्याकडे बघितलं आणि म्हणाला, "काकांचं असेल ना काहीतरी?"

काका एमआयडीसीत फिटर होते. मावशी आत गेल्या आणि पलंगाखालून एक पत्र्याची पेटी ओढत घेऊन आल्या. कडी गच्च बसली होती. एरवी प्रवीणने पेटीच हातातून ओढून घेतली असती. आज तो थांबला. मावशींनीच ती उघडली. वर काकांचे हातमोजे होते.

"या घरात वायरमन कधी आलाच नाही," मावशी म्हणाल्या. "हेच ठोकत बसायचे काहीबाही. मी ओरडायचे, जरा शांत बसा म्हणून." आणि त्या हमसून रडायला लागल्या. "आता एवढं शांत असतं घर... मीच ओढते रे ती वायर."

प्रवीणने पेटीतला काकांचा टेस्टर हातात घेतला होता. त्याने पंख्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी काही खूण केली नाही. खरं तर काय करावं, हे मलाही सुचत नव्हतं. त्याने टेस्टर पेटीत ठेवला आणि मावशींशेजारी खाली फरशीवर बसला. बराच वेळ तसाच बसून राहिला. मग प्रार्थना केली. तीही दोनच ओळींची. मला त्या दोन पुरल्या.

पंखा बंदच राहिला. निघताना मावशींनी त्याला बजावलं, "गुरुवारी ये. काहीएक आणू नकोस, पेटी आहे इथे."

रिपोर्ट लिहायला बसलो तेव्हा हे कुठल्या रकान्यात घालायचं, ते ठरेना. शेवटी दोन्ही रकान्यांवरून आडवं लिहिलं: पंखा दुरुस्त न करता परत आला. दीक्षेची शिफारस करतो.

अध्यक्षांचा लगेच फोन. "अहो, हे चांगलं लिहिलंय की वाईट?"

"दीक्षा द्या, साहेब," मी म्हटलं.

दीक्षा झाली. मावशी पहिल्या बाकावर होत्या.

हल्ली नव्या प्रोबेशनरला मी पक्कड ने किंवा नेऊ नको, यातलं काहीच सांगत नाही. फक्त उठायची घाई करू नको म्हणतो.