शिवणीतली माया

मूल होऊ द्यायचं नाही, असं शिवणवाल्या काकूंनी लग्नाच्या वेळीच नवऱ्याशी ठरवून टाकलं होतं. पृथ्वीवर आधीच माणसं मावत नाहीत, धूर वाढतोय, हवा तापतेय. त्यात आपली भर कशाला? ठरवलं ते त्यांनी पाळलंही. पण वरच्या मजल्यावरच्या धाकट्या जावेला एकामागून एक तीन मुलं झाली, तेव्हा काकूंच्या पोटात जे दुखू लागलं ते काही हवेच्या काळजीने नव्हे.

जाऊ हसून म्हणायची, "ताई, तुमच्या वाट्याची हवा माझी तिघं घेतात. वाया काही जात नाही!"

काकू उत्तरादाखल मशीन जोरात चालवायच्या.

धाकट्या पुतणीचे फ्रॉक मात्र त्याच शिवत, आणि शिवणीत दोन-दोन बोटं माया ठेवत. असं जास्तीचं कापड आत असलं की पोर वाढेल तसा फ्रॉक उसवून मोठा करता येतो. "नवं कापड लागत नाही, तेवढीच पृथ्वी वाचते," असं त्या सांगत. खरं म्हणजे उसवायला पोरीला दर वर्षी त्यांच्याकडेच यावं लागे.

यंदा जावेने दुकानातून तयार फ्रॉक आणला आणि पोरीला घेऊन मुद्दाम दाखवायला खाली आली. काकूंचं तोंड उतरलं. पुतणीने फ्रॉक उलटा करून शिवण चाचपली.

"आई, ह्यात मायाच नाही! मग मी काकूकडे कशाला येणार?"

जावेचा चेहरा कसनुसा झाला. आपलंच दुखणं आता तिला लागलंय, हे काकूंनी तत्काळ ओळखलं. त्यांना फार बरं वाटलं. मग लाजही वाटली, पण तोवर माप घ्यायची टेप हातात आली होती.